खापर क्राउस यांच्याच माथी का?

12 जानेवारी 2024 च्या रात्री शिकागोच्या युनायटेड सेंटरमध्ये बुल्स या बास्केटबॉल संघाने आपल्या जुन्या मानकऱ्यांचा सत्कार ठेवला होता. एकेक नाव पुकारलं जात होतं, टाळ्या पडत होत्या. माजी जनरल मॅनेजर जेरी क्राउस यांचं नाव आलं आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. क्राउस तिथे नव्हते. त्यांना जाऊन सात वर्षं होत आली होती. त्यांच्या वतीने पत्नी थेल्मा आल्या होत्या. नवऱ्याच्या नावाचा तो उद्धार ऐकून त्यांना रडू आवरेना, आणि शेजारी बसलेला रॉन हार्पर त्यांना धीर देत राहिला. त्या रात्री गोल्डन स्टेट संघाचा प्रशिक्षक म्हणून शिकागोत आलेला स्टीव्ह कर पत्रकारांपुढे हा प्रकार लाजिरवाणा असल्याचं स्पष्ट बोलला. हार्पर आणि कर या दोघांनाही बुल्समध्ये आणलं होतं ते क्राउस यांनीच.

क्राउस यांच्यावरचा राग शिकागोत 1998 मध्ये संघ फुटल्यापासून होताच. तो जगभर पोचवला मायकल जॉर्डन आणि बुल्सवरच्या 'द लास्ट डान्स' या दहा भागांच्या माहितीपटाने. 2020 च्या एप्रिल-मे महिन्यांत तो आला तेव्हा जग घरात कोंडलेलं होतं. आपल्याकडे टाळेबंदी होती, आयपीएल पुढे गेलेली. ज्यांनी एनबीएचा एक सामनाही धड पाहिला नव्हता, त्यांचंही नेटफ्लिक्ससमोर बसून मत पक्कं झालं: एक बुटका, स्थूल, मानपानाला हपापलेला मॅनेजर होता आणि त्याने जळफळाटापोटी जगातला सर्वांत भारी संघ मोडून टाकला. बास्केटबॉलचा विषय निघाला की आजही हे वाक्य पुराव्यासारखं पुढे केलं जातं. वाक्य चटकदार आहे, पण ते नोंदींपुढे टिकत नाही.

पहिला आक्षेप सहसा असा असतो की क्राउस म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा. मायकल जॉर्डनला 1984 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, तिसऱ्या क्रमांकावर उचललं ते आधीचे जनरल मॅनेजर रॉड थॉर्न यांनी. क्राउस आले 1985 च्या मार्चमध्ये, जेरी राइन्सडॉर्फ यांनी संघ विकत घेतल्यावर. हे सगळं खरं आहे. पण नुसत्या जॉर्डनच्या जोरावर बुल्सचं काय चाललं होतं? जॉर्डनच्या पहिल्या तीन मोसमांत बुल्स बाद फेरीचे दहा सामने खेळले आणि त्यांतले नऊ हरले. 20 एप्रिल 1986 ला बॉस्टन गार्डनमध्ये त्याने एकट्याने 63 गुण काढले. आजही त्या खेळीचे गोडवे गायले जातात. तो सामनाही बुल्स हरलेच. खुद्द माहितीपटात जॉर्डन आपल्या पहिल्या वर्षाची आठवण सांगतो: हॉटेलच्या खोलीत सहकारी कोकेन घेत बसलेले, आणि हा दारातून काढता पाय घेतो. ती साफसफाई कुणी केली, हे मात्र माहितीपट ठसवून सांगत नाही. क्राउस आल्यानंतर दोन मोसमांत जॉर्डन आणि एखाद-दुसरा सोडला तर त्या संघातलं कुणी उरलं नव्हतं.

क्राउस मुळात स्काऊट. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी बेसबॉल आणि बास्केटबॉलसाठी गावोगाव पोरं हेरण्यात घालवला. आपलं पाहणं कुणाला कळू नये म्हणून ते इतके जपायचे की लोक त्यांना 'गुप्तहेर' म्हणत. पिपेनचं प्रकरण त्या सवयीचंच फळ. स्कॉटी पिपेन हा आर्कान्सामधल्या हॅम्बर्ग नावाच्या छोट्या गावातला, बारा भावंडांच्या घरातला. कॉलेजात शिरला तेव्हा त्याच्याकडे शिष्यवृत्ती नव्हती. संघाचं सामान सांभाळायचं काम तो करत होता. त्याचं कॉलेज सेंट्रल आर्कान्सा, तेही नामांकित विद्यापीठांच्या स्पर्धेत नव्हे, तर छोट्या कॉलेजांच्या संघटनेत खेळणारं. तिथे शिकता शिकता तो अर्ध्या फुटाच्या आसपास उंच झाला. ड्राफ्टआधीच्या शिबिरांत क्राउस यांची नजर त्याच्या लांबलचक हातांवर पडली आणि तिथून हलेना.

1987 च्या ड्राफ्टमध्ये बुल्सची निवड आठव्या क्रमांकावर होती. तोवर पिपेन शिल्लक राहील याची खात्री नव्हती. सहाव्या क्रमांकावरचा सॅक्रामेंटो त्याला उचलेल अशी धास्ती होती. म्हणून क्राउस यांनी पाचव्या क्रमांकाच्या सिएटलशी आधीच संधान बांधलं. सिएटलने पिपेनला निवडलं, बुल्सने ओल्डन पॉलिनिसला, आणि पुढच्या ड्राफ्टमधल्या काही निवडींची भर घालून अदलाबदल झाली. दोनच क्रमांकांनंतर, दहाव्या जागी, त्यांनी क्लेमसनचा होरेस ग्रँट घेतला. पहिल्या तीन विजेतेपदांच्या संघाचे दोन खांब एका संध्याकाळी उभे राहिले. याला कुणी नशीब म्हणणार असेल तर त्या संध्याकाळी पहिल्या सात क्रमांकांवरच्या संघांनाही तेच नशीब खुलं होतं.

सगळं साधलं असंही नाही. आदल्या वर्षी, 1986 मध्ये, जॉर्डनला ड्यूकचा जॉनी डॉकिन्स हवा असताना त्यांनी ब्रॅड सेलर्सला निवडलं आणि ते फसलं. त्याची जखम जॉर्डन विसरला नाही. त्याहून मोठी जखम 1988 ची. चार्ल्स ओकली हा जॉर्डनचा जिवलग, मैदानावरचा अंगरक्षकच म्हणा. क्राउस यांनी त्याला न्यूयॉर्कला धाडलं आणि बदल्यात दुखऱ्या पायांचा सात फुटी सेंटर बिल कार्टराइट आणला. जॉर्डन भडकला. कार्टराइटला त्याने किती काळ घालूनपाडून बोलावं याला धरबंध राहिला नाही. पण ओकलीच्या जाण्याने ग्रँटला जागा मोकळी झाली आणि मधल्या फळीत उंची आली. 1991, 1992 आणि 1993 या तिन्ही विजेत्या संघांत सेंटर कार्टराइट होता. तेव्हा निर्णय जॉर्डनच्या मर्जीवर सोपवला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न माहितीपटाच्या चाहत्यांनी एकदा तरी स्वतःला विचारावा.

प्रशिक्षक जॅक्सनची गोष्ट तर आणखी मासलेवाईक. फिल जॅक्सन 1985 मध्ये साहाय्यक प्रशिक्षकाच्या जागेसाठी शिकागोत आला तो दाढी वाढवून, डोक्यावर इक्वेडोरची गवती हॅट आणि तिच्यात खोवलेलं पीस अशा थाटात. तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक स्टॅन अल्बेक यांनी त्याला एका मुलाखतीतच कटवलं. त्या वेळी एनबीएमध्ये जॅक्सनला कुणी विचारत नव्हतं. ऑल्बनी पॅट्रून्स या दुय्यम लीगमधल्या संघाला तो शिकवत होता. क्राउस यांनी मात्र नाद सोडला नाही. दोन वर्षांनी पुन्हा बोलावणं धाडलं आणि बजावलं: दाढी करून ये, कोट-टाय घालून ये. 1989 मध्ये, संघ कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीपर्यंत गेलेला असताना, त्यांनी लोकप्रिय प्रशिक्षक डग कॉलिन्स यांना काढून जॅक्सनला गादीवर बसवलं. त्या दिवशी शिकागोत फटाके फुटले नव्हते. ज्या 'ट्रँगल' पद्धतीचं श्रेय जॅक्सनला दिलं जातं, तिचे गुरू टेक्स विंटर साठी ओलांडलेले, कारकीर्द आवरती घेतलेले गृहस्थ होते. त्यांनाही 1985 मध्ये घरातून उठवून आणलं क्राउस यांनीच.

म्हणजे जॉर्डन सोडला तर बाकी सगळं क्राउस यांचं. जॉर्डनला सोडून पाहण्याची सोय तर इतिहासानेच करून दिली आहे. ऑक्टोबर 1993 मध्ये तो निवृत्त झाला आणि बेसबॉल खेळायला गेला. त्याच्यासह आदल्या मोसमात बुल्सने 57 सामने जिंकले होते. त्याच्याशिवाय 55 जिंकले. बाद फेरीत न्यूयॉर्ककडून सातव्या सामन्यापर्यंत झुंजून ते हरले, तेही पाचव्या सामन्यात पिपेनवर दिलेल्या एका वादग्रस्त फाउलची चर्चा मागे ठेवून. जॉर्डनशिवाय त्यांनी विजेतेपद मिळवलं नाही, हे खरं. पण जगातला सर्वश्रेष्ठ खेळाडू वजा केल्यावर ज्या संघाचे फक्त दोन विजय कमी होतात, तो संघ कुणीतरी विचार करून बांधलेला असतो.

त्यानंतरची बांधणी तर क्राउस यांची खरी करामत. 1993 च्या विजेत्या संघातले 1996 च्या विजेत्या संघात किती उरले होते? दोन. जॉर्डन आणि पिपेन. बाकी सगळा संघ तीन वर्षांत नवा झाला. कर 1993 मध्ये आला, लूक लाँगली 1994 च्या फेब्रुवारीत, हार्पर त्याच वर्षी. टोनी कुकोचला तर क्राउस यांनी 1990 मध्येच दुसऱ्या फेरीत 29 व्या क्रमांकावर हेरून ठेवलं होतं, अमेरिकेतल्या बहुतेकांना युरोपातल्या खेळाडूंचं महत्त्व उमगण्याआधी. तो 1993 मध्ये शिकागोला पोचला. 1995 च्या ऑक्टोबरमध्ये, विल पर्ड्यू या राखीव सेंटरच्या मोबदल्यात, डेनिस रॉडमन. एकेकाळचा डेट्रॉइटचा हा उपद्व्यापी गडी बुल्सचा जुना वैरी. 1991 मध्ये त्याने पिपेनला ढकलून सरळ प्रेक्षकांत पाठवलं होतं. त्याला घरात घ्यायला छाती लागते. त्या मोसमात बुल्स 72 जिंकले, 10 हरले.

कुकोचविषयी थोडं आणखी. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये अमेरिका आणि क्रोएशिया समोरासमोर आले तेव्हा जॉर्डन आणि पिपेन यांनी ठरवून त्या पोराला असं घेरलं की पहिल्या सामन्यात तो चार गुणांवर आटपला. त्याचा गुन्हा एवढाच की क्राउस त्याची तारीफ करत. माहितीपटात हा प्रसंग मजेचा म्हणून रंगवला आहे. मत्सराचा आरोप क्राउस यांच्यावर करायचा आणि या प्रसंगावर हसायचं, ही गंमतच म्हणायची. कुकोच पुढे 1996 मध्ये एनबीएचा सर्वोत्तम राखीव खेळाडू ठरला आणि 2021 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

माहितीपटाबद्दल एक गोष्ट साफ सांगायला हवी. 1997-98 च्या मोसमात एनबीएच्या चित्रीकरण पथकाला संघात वावरू दिलं गेलं ते एका अटीवर: जॉर्डनच्या परवानगीशिवाय ते चित्रण वापरायचं नाही. ते वर्षानुवर्षं पडून राहिलं. 2016 मध्ये जॉर्डनने होकार दिला, आणि निर्मितीत त्याच्या कंपनीचा आणि जवळच्या माणसांचा हात राहिला. केन बर्न्स यांच्यासारख्या मुरलेल्या माहितीपटकाराने त्यावर बोट ठेवलंच: ज्याच्यावर चित्रपट, त्याचाच त्यात हात असेल तर ती चांगली पत्रकारिता नव्हे. ग्रँट उघड चिडला, पिपेनने 2021 मध्ये पुस्तक लिहून आपली तक्रार मांडली. जे हयात होते त्यांना निदान तोंड होतं. क्राउस 21 मार्च 2017 ला वारले. त्यांची बाजू म्हणजे जुन्या मुलाखतींचे तुकडे, आणि मागे राहिलेल्या अपुऱ्या आत्मकथनातली काही पानं, जी माहितीपटाच्या वेळी शिकागोत प्रसिद्ध झाली. ती वाचणारे किती आणि नेटफ्लिक्स पाहणारे किती!

त्यात त्यांच्या शरीरावरचे विनोद. जॉर्डन संघासमोर त्यांच्या उंचीवरून आणि पोटावरून त्यांना टोचतोय, बाकीचे हसतायत, आणि कॅमेरा ते टिपतोय. ते पाहून लाखो लोकांना क्राउस खलनायक वाटले. खरं तर त्या दृश्यात छळ कुणाचा चालला होता, हे उघड दिसतं.

आता 1998. बुल्सचा संघ मोडला कुणी?

इथे क्राउस यांचा दोष झाकायचं कारण नाही. 1997 च्या उन्हाळ्यात जॅक्सनला एका वर्षाचा, सुमारे 60 लाख डॉलरचा करार मिळाला आणि क्राउस यांनी त्याला तोंडावर सांगितलं की 82 पैकी 82 जिंकलास तरी हे तुझं शेवटचं वर्ष. सांगायचं ते सांगितलं, पण मोसम सुरू होण्याआधी ते चव्हाट्यावर येऊ दिलं. आयोवा स्टेटच्या टिम फ्लॉइड यांच्याशी त्यांची सलगी लपून राहिलेली नव्हती. घरच्या लग्नाला फ्लॉइडना आमंत्रण गेलं, जॅक्सनला नाही. हा अडाणीपणा होता. संघ तिसऱ्या सलग विजेतेपदाच्या उंबरठ्यावर असताना मॅनेजरने असं वागू नये. जॉर्डनने मग जाहीर केलं की जॅक्सन नसेल तर मीही नाही. इथवर क्राउस यांच्यावरचं कलम सिद्ध होतं.

पुढे सगळं घसरतं. खेळाडू आणि प्रशिक्षक विजेतेपदं जिंकत नाहीत, संघटना जिंकतात, असं क्राउस म्हणाल्याचं छापून आलं आणि ते वाक्य त्यांच्या गळ्यात कायमचं अडकलं. आपण 'एकटे' हा शब्द वापरला होता, तो गाळला गेला, असं ते अखेरपर्यंत सांगत राहिले. पण तेही बाजूला ठेवू. वाक्यामुळे कुणाचा करार संपत नाही. करार संपतात तारखेने, आणि नवे होतात पैशाने.

पैशाचं गणित पाहू. 1997-98 मध्ये पूर्ण संघासाठीची पगारमर्यादा 2 कोटी 69 लाख डॉलर होती. एकट्या जॉर्डनला त्या वर्षी 3 कोटी 31 लाख मिळत होते. आधीपासून संघात असलेल्या खेळाडूला मर्यादेबाहेर जाऊन पैसे देण्याची मुभा होती म्हणून ते जमलं. पिपेनला मिळत होते जेमतेम 28 लाख. 1991 मध्ये त्याने लांब मुदतीचा करार केला होता. राइन्सडॉर्फ यांनी तेव्हाच सावध केलं होतं की यात तुझं नुकसान आहे. घरच्या जबाबदाऱ्यांखाली दबलेल्या पोराने तरी सही केली आणि पुढची सात वर्षं तो स्वतःच्या किमतीच्या पासंगालाही न पुरणाऱ्या पगारावर खेळला. 1998 मध्ये त्याची वेळ आली होती. ह्यूस्टनने त्याला पाच वर्षांसाठी 6 कोटी 70 लाख डॉलर दिले.

माहितीपटाच्या शेवटी जॉर्डन म्हणतो की सगळ्यांना एकेका वर्षाचा करार दिला असता तर आम्ही सातव्या विजेतेपदासाठी परत आलो असतो. ऐकायला झकास. पण पिपेनने 6 कोटी 70 लाखांवर पाणी सोडून एक वर्ष का थांबावं? पाठ धरलेल्या अवस्थेत त्याने अंतिम फेरीचा सहावा सामना खेळला होता. पुढच्या वर्षी कोणता डॉक्टर त्याची हमी देणार होता? राइन्सडॉर्फ यांनी त्याच माहितीपटात सांगून टाकलं आहे की बाजारात या खेळाडूंची किंमत इतकी चढली होती की त्यांना परत घेणं आत्मघात ठरला असता. हे बोलणारा माणूस मालक आहे. धनादेशावर सही त्याची. जनरल मॅनेजर हा पगारदार नोकर, आणि मालकाच्या निर्णयाचा चिखल अंगावर घेणं हेही त्या नोकरीतच येतं. युनायटेड सेंटरमधली हुर्यो राइन्सडॉर्फ यांच्या वाटची क्राउस यांच्या नावावर गेली, असा माझा आरोप आहे.

शिवाय ते सातवं विजेतेपद मिळालं असतं हे गृहीत कशाच्या बळावर? 1 जुलै 1998 पासून मालक आणि खेळाडूंच्या भांडणात लीगच बंद पडली. मोसम सुरू झाला फेब्रुवारी 1999 मध्ये, 50 सामन्यांचा. जॉर्डन छत्तिशीत पोचत होता, पिपेन तेहतीस, हार्पर पस्तीस, रॉडमन अडतिशीच्या जवळ. रॉडमन त्या वर्षी लेकर्सकडून 23 सामने खेळला आणि त्यांनी त्याला सोडून दिलं. आणि जॉर्डनने त्याच जानेवारीत सिगार कापायच्या यंत्रात उजव्या हाताच्या बोटाची शीर कापून घेतली. नेमबाजीचा हात! ही इजा क्राउस यांच्या खात्यावर कशी टाकायची, ते टीकाकारांनी सांगावं.

उरला शेवटचा आक्षेप, आणि तो सर्वांत वजनदार आहे: जॉर्डन गेल्यावर क्राउस यांनी काय दिवे लावले? उत्तर: फारसे नाहीत. पुढच्या पाच मोसमांत 96 विजय आणि 282 पराभव. फ्लॉइड यांची निवड चुकली. मोठे खेळाडू शिकागोला यायला तयार नव्हते, आणि त्यात क्राउस यांच्या बदनामीचा वाटा होता. 1999 मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेला एल्टन ब्रँड सामन्यामागे 20 गुण आणि 10 रिबाऊंड देत असताना 2001 मध्ये त्यांनी त्याला लॉस एंजेलिस क्लिपर्सला देऊन टाकलं, शाळेतून थेट आलेल्या टायसन चँडलरसाठी. चौथ्या क्रमांकावर घेतला तोही शाळकरीच, एडी करी. दोन पोरांवर संघाचं भवितव्य लावण्याचा हा जुगार फसला. शिकागोकरांना चिडायचं असेल तर या एका व्यवहारावरून त्यांनी खुशाल चिडावं.

मात्र त्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड कुणाची होती? वॉशिंग्टनची, आणि तिथे बास्केटबॉलचा सगळा कारभार होता मायकल जॉर्डनकडे. त्याने निवडलेला क्वामे ब्राउनही शाळेतूनच आलेला. तिसऱ्या क्रमांकावर पाउ गसोल गेला. चँडलर पुढे 2011 मध्ये डॅलसबरोबर विजेता झाला. ब्राउनच्या नावाची आजही टिंगल होते. 2002 मध्ये जॉर्डनच्या वॉशिंग्टनने रिचर्ड हॅमिल्टनला डेट्रॉइटला दिलं आणि दोन वर्षांत डेट्रॉइट विजेते झाले. 2003 च्या एप्रिलमध्ये क्राउस पायउतार झाले. मे महिन्यात वॉशिंग्टनचे मालक एब पोलिन यांनी जॉर्डनला निरोप दिला. पुढे तो शार्लटचा मालक झाला. 2011-12 च्या मोसमात त्याचा संघ 66 पैकी 7 सामने जिंकला, लीगच्या इतिहासातली विजयांची सर्वांत कमी टक्केवारी. 2023 मध्ये त्याने आपला मोठा हिस्सा विकला तोवर शार्लटने त्याच्या मालकीत बाद फेरीतली एकही मालिका जिंकलेली नव्हती.

यावरून जॉर्डनला बास्केटबॉल कळत नाही असं कुणी म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. संघ बांधणं हे संघात खेळण्याहून निराळं काम आहे, आणि क्राउस यांनी तेरा वर्षांत ते दोनदा साधलं: एकदा 1991 साठी, आणि जवळजवळ सगळे गडी बदलून पुन्हा 1996 साठी. 1988 आणि 1996 मध्ये ते एनबीएमधले वर्षातले सर्वोत्तम व्यवस्थापक ठरले. हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव गेलं ते 2017 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांनी निवड जाहीर होऊन.